बफे यांनी शेअर ‘घेतले आणि विसरून गेले’? आकडे तसं सांगत नाहीत

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर सतत फिरतो: वॉरन बफे यांनी अकराव्या वर्षी पहिला शेअर घेतला, चांगले शेअर कधीच विकले नाहीत, साध्या घरात राहिले आणि आपल्या बचतीवर, निव्वळ संयमाने अब्जाधीश झाले, तुम्हीही व्हाल. या भरवशावर लोक बुडीत शेअर वर्षानुवर्षं कवटाळून बसतात, म्हणून याला उत्तर द्यायलाच हवं.

पहिल्या शेअरची गोष्ट खरी, पण अर्धीच. 1942 मध्ये त्यांनी सिटीज सर्व्हिस या कंपनीचे तीन प्रेफरन्स शेअर 38 डॉलरच्या आसपास घेतले. भाव 27 पर्यंत पडला, 40 ला येताच त्यांनी विकून टाकले. पुढे तो 200 वर गेला. वडील शेअरदलाल होते आणि त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले, हे मजकुरात नसतं.

‘कधीच विकले नाहीत’ हे तर साफ चूक. डिस्नेचा हिस्सा 1966 मध्ये घेतला, पुढच्याच वर्षी विकला. 2020 मध्ये हिस्सा असलेल्या चारही विमान कंपन्यांतून एकदम बाहेर पडले. 2024 मध्ये अ‍ॅपलचा मोठा हिस्सा काढला.

घर 1958 चंच आहे, 31,500 डॉलरचं. पण 1971 मध्ये कॅलिफोर्नियात समुद्राजवळ दुसरं घर घेतलं होतं.

खरी गफलत ‘आपल्या बचतीवर’ या शब्दांत आहे. 1956 मध्ये इतरांचा पैसा गुंतवायला काढलेल्या पहिल्या भागीदारीत सात भागीदारांचे 1,05,000 डॉलर होते, बफे यांचे 100. 1962 पासून नियम असा: 6 टक्क्यांवरच्या नफ्यातला चौथा हिस्सा त्यांचा. शंभरावर 26 नफा झाला, तर वरच्या 20 मधले 5 त्यांना. 1967 मध्ये बफे यांच्या बर्कशायर या कंपनीने नॅशनल इंडेम्निटी ही विमा कंपनी 86 लाख डॉलरना घेतली. विम्याचा हप्ता आज येतो, क्लेम नंतर द्यावा लागतो. मधल्या काळात तो पैसा कंपनी गुंतवते. यालाच फ्लोट म्हणतात. 1970 मध्ये तो 3.9 कोटी डॉलर होता, 2023 अखेर सुमारे 169 अब्ज. क्लेम आणि खर्च हप्त्यांपेक्षा कमी राहिले, तरच हा पैसा फुकट पडतो. धंदा वाढवायला हप्ते स्वस्त केले की तोच महाग पडतो. आणि मार्जिनवर, म्हणजे ब्रोकरकडून उसने घेतलेल्या पैशावर, शेअर घेणाऱ्याने हे नीट लक्षात घ्यावं: भाव पडला की ब्रोकर लगेच पैसे मागतो, फ्लोट असा एका दिवसात कुणी परत मागू शकत नाही.

बफे वाचायचेच, तर 1977 पासूनची त्यांची भागधारकांना लिहिलेली पत्रं बर्कशायरच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. प्रत्येक व्यवहारापुढे चार गोष्टी लिहा: साल, रक्कम, पैसा कुणाचा, विकलं कधी. सुरुवात 1985 च्या पत्राने करा. वीस वर्षं चालवलेली कापड गिरणी त्यांनी त्या वर्षी बंद केली. 1981 मध्ये प्रत्येकी 5,000 डॉलरना घेतलेले चालू माग 50 डॉलरलाही कुणी घेईना. शेवटी 26 डॉलरने भंगारात गेले, आणि ते हलवण्याचा खर्चच त्याहून जास्त आला.