रिसेप्टर म्हणजे पेशीची ढाल नव्हे

"पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर नावाची ढाल असते. ती ताणाला आत शिरू देत नाही. मनावरचा ताण हाच पेशींचा खरा शत्रू. रिसेप्टर सतत जागे ठेवा, पेशी मरणार नाहीत." या आशयाचा मजकूर पुन्हापुन्हा फिरतो. त्यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच तो खपतो. काही रिसेप्टर पेशीला मरणापासून वाचवतात, यात शंका नाही. पण ते कसं, हे सांगताना सगळाच घोळ घातलाय.

आधी ढालीचं बघू. रिसेप्टर काहीही अडवत नाही. उष्णता, अतिनील किरण, प्राणवायूची टंचाई यांना पेशीच्या आत जायला कुणाची परवानगी लागत नाही. रिसेप्टरचं काम ऐकण्याचं. बाहेरून आलेला विशिष्ट रेणू त्याला चिकटला की आत निरोप जातो. 1997 मध्ये फायब्रोब्लास्ट या जोडऊतीतल्या पेशींवर अतिनील किरण सोडून केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. ज्या पेशींना आयजीएफ-1 हा वाढघटक मिळाला, त्या कमी मेल्या. आयजीएफ-1 ने किरण अडवले नव्हते. मार खाल्ल्यावर मरायचं की तगायचं, हा पेशीचा निर्णय त्याने फिरवला.

तो कसा फिरतो, हे बघण्यासारखं आहे. आयजीएफ-1 चिकटून त्याचा रिसेप्टर जागा झाला की आत एकेटी नावाचं विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि बॅड नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवतं. (नाव खरोखरच बॅड आहे.) मोकळं बॅड तंतुकणिकेवर (मायटोकॉन्ड्रियावर) जाऊन तिथल्या रक्षक प्रथिनांना निकामी करतं, मग तिच्यातलं सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर गळतं, कॅस्पेज विकरं जागी होतात आणि पेशी स्वतःलाच आतून कापत सुटते. फॉस्फेट चिकटलेल्या बॅडला मात्र 14-3-3 हे प्रथिन धरून ठेवतं, तंतुकणिकेपर्यंत पोचूच देत नाही.

म्हणजे मरणाची सामग्री आधीपासून घरातच असते. सिंपथेटिक (अनुकंपी) चेतापेशी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवायच्या आणि त्यांचा एनजीएफ हा वाढघटक काढून घ्यायचा. ना विष, ना उष्णता. तरी दोनेक दिवसांत त्या आक्रसतात, तंतू तुटक होतात, बहुतेक मरतात. मात्र त्याच वेळी नवी प्रथिनं बनवणं औषधाने बंद पाडलं, तर त्या तगतात! 1988 मधला हा निष्कर्ष मला अजूनही थक्क करतो. उपासमारीने मरणारी पेशी प्रथिनं थांबवल्यावर आणखी लवकर मेली असती. या पेशी मरण्यासाठी कामाला लागलेल्या असतात, आणि रिसेप्टरकडून येणारा "जग" हा निरोप त्यांना तोवर थोपवून धरत असतो.

मनाच्या ताणाचा मुद्दा चार ओळींत आटपतो. पेशीशास्त्रात ताण म्हणजे उष्णता, उपासमार, विषारी द्रव्यं, पेशी जिला चिकटलेली असते त्या जागेचा आधार सुटणं. मनाचा ताण पेशींपर्यंत पोचतो तो मुख्यतः अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉलमार्फत. त्यातल्या कॉर्टिसॉलचा मुख्य रिसेप्टर पृष्ठभागावर नसतोच, तो पेशीच्या आत असतो.

"सतत जागे ठेवा" हा सल्ला तर घातकच. निरोप थांबेनासा झाला की पेशी बरेचसे रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेते. हा लगाम सुटला तर काय होतं? काही स्तन कर्करोगांत एचईआर2 हा रिसेप्टर गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनतो, आणि मरायला हव्या त्या पेशी मरत नाहीत. तिथे उपचार म्हणजे रिसेप्टरचं तोंड दाबणं: 1998 मध्ये मान्यता मिळालेलं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध याच रिसेप्टरला जाऊन चिकटतं. पेशी न मरणं चांगलंच, हे गृहीतक इथेच कोसळतं. सी. एलिगन्स या इवल्याशा कृमीच्या वाढीत 1,090 पेशी तयार होतात आणि त्यातल्या 131 ठरल्याप्रमाणे मरतात. कृमी अगदी ठणठणीत असतो.

शेवटी, सगळे रिसेप्टर वाचवणारेही नसतात. फास हा रिसेप्टर निरोप मिळताच पेशीला मारायला घेतो. टीएनएफचा रिसेप्टर आणखी गमतीचा: टीएनएफ मिळाल्यावर बऱ्याच पेशी मरत नाहीत, कारण त्याच रिसेप्टरमधून एनएफ-कप्पा-बी ही वाचवणारी यंत्रणाही चालू होते. 1996 मध्ये ती यंत्रणा बंद पाडून पाहिली. तोच टीएनएफ, तोच रिसेप्टर, आणि पेशी मेल्या.