कार्बोरेटर भंगारात घालायच्या आधी

जुन्या फियाट आणि पद्मिनी असणाऱ्यांमध्ये सध्या एक व्हॉट्सॲप मेसेज फिरतोय. संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत ज्याला त्याला तो आलाय. म्हणणं असं: ई२० पेट्रोलने (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) जुने कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारे भाग, खाऊन टाकले, ते आता दुरुस्त होत नाहीत. तात्पुरतं चालवायचं तर ॲसिडने धुवा, जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याचं भोक) मोठं करा, ॲक्सिलरेटरला जादा स्प्रिंग लावा. शेवटी मारुती ८००चा कार्बोरेटर बसवून मोकळे व्हा. असल्या सल्ल्याने या गाड्यांचे मूळचे चांगले सोलेक्स कंपनीचे कार्बोरेटर किलोच्या भावाने जातील, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘दुरुस्त होत नाही.’ होतो. बॉडी सहसा शाबूत असते. झिजतं ते थ्रॉटलच्या स्पिंडलचं भोक. स्पिंडल म्हणजे बटरफ्लाय, म्हणजे हवेची वाट उघडमिट करणारी चकती, फिरवणारी दांडी. इंजिन स्लोवर असताना बटरफ्लायच्या खाली ओढ जोरदार असते, त्यामुळे ढिल्या भोकातून फुकटची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. म्हणून गाडी सिग्नलला थरथरते, बंद पडते, पण वेगात नीट पळते. स्पिंडल बोटांनी हलवून बघा. खटखट जाणवली तर स्लोवर ठेवून तिच्या टोकाशी पातळ ऑइलचा थेंब सोडा. क्षणभर इंजिन स्थिर झालं, की चोर सापडला.

उपाय लेथवरचा आहे: भोक सरळ रीम करायचं (म्हणजे कापून नेमक्या मापाचं करायचं), त्यात पितळी बुश, म्हणजे नळीसारखं अस्तर, बसवायचं, स्पिंडल नवी करायची. वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीत वाढलेल्या टर्नरला यात अवघड काही नाही. खरी काळजी बटरफ्लायची. तिचे स्क्रू मागून ठोकून पसरवलेले असतात. तसेच पिळले तर स्पिंडलचे आटे जातात. आधी ती टोकं कानशीने घासून काढा. कडा तिरकी असते, म्हणून काढण्यापूर्वी वरच्या बाजूला खूण करा. बसवताना नवे स्क्रू सैल ठेवून बटरफ्लाय पूर्ण मिटवा, ती आपोआप मध्यावर येते. मग आवळा, आणि स्पिंडलला खालून आधार देऊन स्क्रूची टोकं पुन्हा ठोका. इथे आळस नको. सुटलेला स्क्रू थेट इंजिनात जातो.

‘ॲसिडने धुवा.’ बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची आहे, आणि ॲसिड जस्त खातं. रॉकेल, मऊ ब्रश आणि कॉम्प्रेसरची हवा पुरते.

‘ई२०ने खाल्ला, म्हणून जेट मोठं करा.’ यात अर्धं खरं आहे, ते मान्य केलंच पाहिजे. आपल्याकडच्या साखर कारखान्यांतही बनणारं हे इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि पाणी ओढून घेतं. पाइप, पंपाचा डायफ्राम, पॅकिंग हे सगळं इथेनॉलला टिकणारं बसवा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी, रिकामं करा. ई२०ला पेट्रोलपेक्षा साधारण आठ टक्के कमी हवा लागते, म्हणजे मिश्रण तेवढं पातळ पडतं, हेही खरं.

पण म्हणून ड्रिल घेऊन बसायचं नाही. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो: १२० म्हणजे १.२० मिमी. १२५ लावलं की भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं, हिशेब तिथेच जुळतो. हातच्या ड्रिलने ते १.३० झालं तर वाढ सतरा टक्क्यांवर जाते. प्लग काळे पडतात आणि पेट्रोल नुसतं जळतं. तारेने टोचलेलं पितळी जेटही असंच बिघडतं. आधी स्पिंडलची गळती बंद करा, मग प्लगचा रंग बघून एक नंबर वाढवायचा की नाही ते ठरवा.

‘मारुतीचा बसवा.’ तो ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरसाठी जुळवलेला, पद्मिनी १०८९ सीसीची, चार सिलिंडरची. तो बसवायला मध्ये प्लेट घालावी लागते, तिच्यामुळे हवा गळायला आणखी एक जागा तयार होते, शिवाय ॲक्सिलरेटरची जोडणी बदलावी लागते. काहींची गाडी यानंतर सुधारली, हे मी नाकारत नाही. कारण त्या कार्बोरेटरची स्पिंडल घट्ट होती. तेवढं काम बुशनेही झालं असतं.

राहिली जादा स्प्रिंग, आणि मला सगळ्यात जास्त राग या सल्ल्याचा येतो. ॲक्सिलरेटर अडकतो तो बहुधा पेडल ते कार्बोरेटर जोडणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांत बसलेल्या धुळीने, नाहीतर वाकलेल्या स्पिंडलने. जोरकस स्प्रिंग हे झाकते आणि स्पिंडल एका बाजूला ओढून भोक आणखी झिजवते. इंजिन बंद ठेवून एकाला पेडल दाबायला सांगा, बॉनेटखाली स्वतः बघा: बटरफ्लाय पूर्ण उघडते का, पाय काढताच मिटते का? उघडत नसेल तर ‘पिकअप नाही’ ही तक्रार दांड्यांच्या सैल सांध्यांची आहे, कार्बोरेटरची नाही. मिटत नसेल, तर मांजरसुंब्याचा घाट सोडाच, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतही गाडी नेऊ नका.