दिव्यांग प्रमाणपत्र काढताय? आधी आजाराला शिस्त लावा

परवाच ताईला घेऊन अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर जाऊन आलोय. ताजं आहे तोवर चार युक्तीच्या गोष्टी सांगून टाकतो.

झेरॉक्स सगळ्याच्या तीन-तीन न्या. चौथी मागतील.

लिफ्टची चौकशी करू नका, उगाच हसं होतं.

आजार दिसणारा निवडा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, आधी सातच होते, म्हणजे प्रगतीच म्हणायची. ताईचा मल्टिपल स्क्लेरोसिससुद्धा आहे त्यात, पण हा आजार रोज एकसारखा नसतो हो. सोमवारी पाय उचलत नाही, मंगळवारी डोळ्यापुढे धूसर, आणि बुधवारी बाई उठून चक्क चहा करते. बोर्ड नेमकं बुधवारी! तेव्हा आजाराला आदल्या दिवशी समज द्या की बाबा रे, उद्या दहा ते एक हजर राहा. आणि पेशंटला इस्त्रीचा ड्रेस घालून अजिबात नेऊ नका. आम्ही नेलं. चार लोकांत जायचं म्हणून तिने टिकलीबिकली लावली, तर डॉक्टर म्हणतात, "चालत आलात ना ताई? मग छान आहे की!" चालत आली, भिंत धरून, एका बाजूला मी एका बाजूला दाजी, आणि नंतर दोन दिवस तिला बाथरूमपर्यंत उचलून न्यावं लागलं ते कुठल्या रकान्यात लिहायचं? रकानाच नाहीये. चार मिनिटांत ३८ टक्के अपंगत्व.

सवलती ४० पासून. म्हणजे यूडीआयडी कार्डावर, दिव्यांगांच्या ओळखपत्रावर, पिवळा पट्टा दोन मार्कांनी हुकला, पांढऱ्यावर भागवा.

निळ्याची हाव धरू नका, तो ८० च्या पुढे. तिथवर पोचलात आणि गरिबीही कागदावर सिद्ध झाली तर केंद्राच्या पेन्शनचा वाटा महिना ३०० रुपये. जपून खर्च करा.

क्लार्क म्हणाला, बोगस लोक फार झालेत, कडक तपासावं लागतं. अहो मग तपासा ना! बोगसवाला तयारी करून येतो, लंगडायचं कसं त्याला बरोब्बर ठाऊक असतं, आमच्या बाईला मात्र सहा वर्षांत बरं दिसायचीच सवय लागलीय. एमआरआय होता, न्यूरोची सगळी कागदं होती, फाईल उघडलीसुद्धा नाही तुम्ही. एवढंच विचारायचं होतं, की काल कशी होतात? त्याचे काय पैसे पडतात का तुम्हाला? लाज वाटली पाहिजे.

अपील केलंय. परत बोलावलंय, बुधवारीच.