शाळेची भिंत आणि पाणंद

मालवण तालुक्यातील आमच्या गावच्या प्राथमिक शाळेला कुंपणभिंत घालण्याचे काम सुरू झाले असून खाडीच्या बाजूने चिऱ्यांचे चार थर उभेही राहिले आहेत. शाळा व्यवस्थापन समितीच्या गेल्या बैठकीत पाणंदीचा विषय निघाला. खालच्या वाडीतून बाजाराकडे जाणारी ही पाणंद शाळेच्या पटांगणातूनच जाते, आणि परदेशांत शाळांवर झालेल्या हल्ल्यांच्या चित्रफिती मोबाईलवर पाहिलेल्या काही पालकांचा आग्रह असा होता की ती कायमची बंद करावी. त्यांच्या भीतीला मी हसणार नाही. मी मात्र विरोध केला, आणि बैठकीच्या गलक्यात जे नीट मांडता आले नाही ते येथे लिहीत आहे.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात बाथ नावाचे शेतकऱ्यांचे गाव आहे. १८ मे १९२७ रोजी तेथील शाळेच्या तळघरात पेरलेल्या स्फोटकांनी इमारतीचा एक भाग उडवला आणि त्या घातपाताने ३८ मुलांचा बळी घेतला. स्फोटके पेरणारा अँड्र्यू केहो हा कुणी परका नव्हता. तो शाळा मंडळाचा निवडून आलेला खजिनदार होता. शाळेच्या करावरून त्याचा राग होता, शेत कर्जात बुडाले होते, गावच्या निवडणुकीत तो हरला होता. आणि शाळेतील विजेची व दुरुस्तीची कामे तोच पाहत असल्यामुळे तो तळघरात कशाला जातो, असे विचारण्याचे कुणाला कारणच नव्हते. इमारतीच्या दुसऱ्या भागाखाली सुमारे २३० किलो स्फोटके न फुटलेली सापडली. आमच्या समितीत बसून हे आठवताना अंगावर काटा येतो, कारण तळघराची किल्ली समितीकडेच असते. पुढे गावाने त्याच जागी शाळा पुन्हा बांधली, आणि राज्यभरातील शाळकरी मुलांनी सेंट-सेंट जमवून कडेवर मांजर घेतलेल्या मुलीचा पुतळा तेथे बसवला.

स्कॉटलंडमधील डनब्लेनला १३ मार्च १९९६ रोजी १६ चिमुरडी मुले आणि त्यांच्या शिक्षिका व्यायामशाळेत मारल्या गेल्या. मारेकऱ्याविषयी पालकांच्या तक्रारी कित्येक वर्षे होत होत्या, इतकेच नव्हे तर त्याचा शस्त्रपरवाना काढून घ्यावा असे एका पोलीस अधिकाऱ्याने १९९१ मध्येच लेखी कळवले होते. तो कागद पुढे सरकला नाही. (सरकारी कागदाची ही चाल आपल्याला नवीन नाही.) त्या मोसमात फुललेल्या एका इवल्या पांढऱ्या फुलाचे नाव घेऊन लोकांनी सह्यांची मोहीम उभारली, सात लाखांवर सह्या जमल्या, आणि १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी आली. दुःखाचे इतके नेमके मागणीत रूपांतर झाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

भिंतीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ८ जून २००१ रोजी जपानमधील ओसाका प्रांतात, इकेदा येथील शाळेत चाकू घेतलेला माणूस उघड्या फाटकातून आत आला आणि आठ मुले गेली. त्यानंतर तेथील शाळांची फाटके बंद राहू लागली, आणि ते योग्यच झाले. मी फाटकाच्या विरोधात नाही. पण रशियातील बेस्लानमध्ये, १ सप्टेंबर २००४ रोजी, शाळेच्या पहिल्या दिवशी फुले घेऊन आलेल्या मुलांना व पालकांना दहशतवाद्यांनी ओलीस धरले आणि तीन दिवसांत तीनशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा असा हल्ला होऊ शकतो ही खबर यंत्रणेकडे आधीच पोहोचलेली होती. मृत मुलांच्या आयांनी संघटना करून वर्षानुवर्षे हाच जाब विचारला, आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांचे म्हणणे मान्य केले.

अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने (राष्ट्राध्यक्षांचे रक्षण करणाऱ्या यंत्रणेने) आणि शिक्षण खात्याने १९७४ ते २००० मधील ३७ हल्ले तपासून २००२ मध्ये अहवाल दिला. त्यात पाचपैकी चार प्रकरणांत, हल्ला होण्यापूर्वी निदान एका तरी माणसाला त्या बेताची कुणकुण होती, आणि ते माणूस बहुधा त्याच वयाचे, मित्र किंवा भावंड होते. ती कुणकुण ज्याच्या कानावर घालावी असे मोठे माणूस शाळेच्या आसपास असणे, हा माझ्या लेखी सुरक्षेचा पहिला भाग आहे.

आमच्या पाणंदीवरून रोज मधल्या सुट्टीच्या सुमारास एक मावशी मासळीची टोपली घेऊन जातात. गेल्या पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यामागे चौथीतला एक मुलगा डबा न उघडता बसलेला त्यांनाच दिसला. टोपली खाली ठेवून त्या त्याच्याजवळ बसल्या, आणि मोठी मुले त्याला रोज मारतात हे गुरुजींना त्यांच्याकडून कळले. बैठकीत त्या दाराशी उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, “तुमी वाट बंद केलास तर पोरांका बघतलो कोण?”

माझी सूचना अशी आहे की भिंत पुरी करावी, शाळा भरल्यावर मुख्य फाटकाला कडी असावी, आणि पाणंद गुरुजींच्या खोलीसमोरून वळवून तेथे लहान दिंडी दरवाजा ठेवावा. निर्णय पुढच्या बैठकीत होईल. तोवर विहिरीजवळची चार फुटांची जागा उघडी ठेवायला गवंड्याला सांगितले आहे.