अळी बरणीतच हवी

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: प्राथमिकच्या वर्गात जिवंत प्राणी आणून विज्ञान शिकवणं हे शहरी शाळांचं खूळ आहे. व्हिडिओत सगळं दिसतं. शेतकऱ्याच्या पोरांना प्राणी काय दाखवायचे? वर प्राण्यांचा छळ आणि रोगराई. मी पारोळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवतो. यातला छळाचा मुद्दा मला अर्धा पटतो. बाकीचे अजिबात पटत नाहीत.

आधी व्हिडिओचं बघू. व्हिडिओत अळीचा पतंग दीड मिनिटात होतो. मुलं "हो" म्हणतात आणि विसरतात. मागच्या भाद्रपदात एका मुलीने घरच्या कपाशीचं किडकं बोंड आणलं. फोडलं तर सरकीत गुलाबी बोंडअळी. बोंडाला बाहेरून भोक दिसेना, म्हणून मुलं अडली: ही आत शिरली कुठून? अळी अगदी बारीक असताना शिरते आणि तिच्यामागे भोक बुजून जातं, हे त्यांनी तासभर वाद घातल्यावर मी सांगितलं. अळी बोंडासकट काचेच्या बरणीत ठेवली, तोंडाला फडकं बांधलं. चार दिवसांनी तिचं खाणं थांबलं आणि तपकिरी कोष झाला. "सर, हाई मरी गई," एक जण म्हणाला. अर्ध्या वर्गाला तेच वाटत होतं. फेकून द्यायची की ठेवायची यावर हात वर करून मतं घेतली, ठेवायची ठरली. दहाव्या दिवशी सकाळी फडक्याला आतून एक बारका, करड्या-तपकिरी रंगाचा पतंग चिकटलेला.

त्यावर मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "हा तर आमच्या सापळ्यातला!" बापाने वावरात पतंग पकडायचे कामगंध सापळे लावले होते, ते तो रोज बघत होता. सापळ्यातला पतंग आणि बोंडातली अळी एकच, हे त्याला त्या सकाळी कळलं. मग प्रश्नच प्रश्न. सापळ्यात नरच का अडकतात? कारण सापळ्यातल्या ल्यूरला, म्हणजे आमिषाला, मादीचा वास असतो. एका सापळ्यात सलग 3 रात्री रोज 8 पतंग सापडले तर फवारणीचा विचार करायचा, ही शिफारसही मुलांनी वहीत उतरवून घरी नेली. 2017 साली बोंडअळीने कपाशीचं काय केलं, ते त्यांच्या घरांनी सोसलेलं आहे. कोष मेलेला नाही, वाट बघायची असते, हे व्हिडिओतून कळलं नसतं. तिथे थांबावंच लागत नाही.

शेतकऱ्याच्या पोरांना सगळं माहीत असतं, हा मुद्दा ऐकायला बरा वाटतो. मी वर्गात विचारलं, शेळीला वरच्या जबड्यात पुढे दात किती? रोज शेळ्या चारणाऱ्या पोरांनी 4, 6, 8 अशी उत्तरं दिली. म्हटलं, संध्याकाळी तोंड उघडून बघा. दुसऱ्या दिवशी सगळी हसत आली: वर पुढे एकही नाही, नुसती टणक हिरडी, खाली 8. शेळी दावणीला असणं वेगळं, तिच्याकडे प्रश्न घेऊन जाणं वेगळं. आणि शहरी खूळ म्हणणाऱ्यांना सांगतो, शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबादला 1972 साली 16 ग्रामीण शाळांत मुलांनी स्वतः करून विज्ञान शिकायचा कार्यक्रम सुरू झाला होता.

आता छळ. पिंजऱ्यातला पोपट किंवा तारा कासव वर्गात नकोच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही ते पाळता येत नाहीत. ससाही नको. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो, रविवारी शाळेला कुलूप, पाणी कोण ठेवणार? म्हणून आमचा नियम आहे: किडामुंगीच आणायची, तिचं रोजचं खाणं बरणीत घालायचं आणि काम झालं की जिथून आणली तिथे सोडायची. कढीपत्त्यावरच्या अळीचं फुलपाखरू झालं, तेव्हा तसंच सोडलं. बोंडअळीचा पतंग मात्र सोडला नाही, कारण कपाशी उभी होती. ते मुलांना सोपं गेलं नाही, मलाही नाही. पण त्यावर वर्गात बोलणं झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं.

रोगराई म्हणाल तर किड्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, इतकं पुरतं. उलट पावसाळ्यात आम्ही डासांच्या अळ्या मुद्दाम आणतो. बाटलीच्या तोंडाला मच्छरदाणीचा दुहेरी तुकडा, वर घट्ट रबर. अळ्या डोकं खाली, शेपटीकडची नळी पाण्याच्या वर धरून लटकतात. बाटलीला टिचकी मारली की वळवळत तळाला जातात आणि श्वासासाठी पुन्हा वर येतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण 8-10 दिवस लागतात, म्हणून कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करायचा दिवस, आठवड्यातून एकदा पाळायचा. हे आशाताई दरवर्षी सांगतात. यंदा मुलांनी बाटलीतले दिवस स्वतः मोजले आणि शनिवारी दुपारी आमच्या गल्लीत सात घरांचे रांजण दारात पालथे पडलेले होते.