टिप पोराच्या हातात द्या, त्या फोल्डरमध्ये नको

काल रात्रीपासून डोकं सणकलंय नुसतं. माझ्या डोळ्यांसमोर, रेस्टॉरंटमध्ये आम्हाला वाढणाऱ्या पोराला मी दिलेले टिपचे चारशे रुपये त्याच्या हातातून काढून घेतले आणि वर मलाच ऐकवलं की मॅडम, टिप बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवायची असते, हातात द्यायची नसते. का? माझे पैसे, मी कोणाला द्यायचे ते मी ठरवणार ना?

काल रविवार, सासूबाईंचा वाढदिवस, आम्ही सहा जण जेवायला गेलो. पुण्यातलंच फॅमिली रेस्टॉरंट, नाव घेत नाही. चाळीस मिनिटं बाहेर उभं राहून टेबल मिळालं. काळं जाकीट घातलेला कॅप्टन, म्हणजे वेटरांच्या वरचा, तो आला, टॅबवर ऑर्डर टिपून घेतली, महागातलं पनीर गळ्यात मारलं आणि जो गेला तो थेट बिलाच्या वेळीच उगवला. मधले दोन तास आमच्याकडे कोणी बघितलं तर एका अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने. कागदावर तो हेल्पर, म्हणजे त्याने फक्त पाणी द्यायचं आणि ताटं उचलायची, पण वेटर एक आणि टेबलं नऊ म्हटल्यावर सगळं त्याच्याच अंगावर. माझ्या मुलाने ताक सांडलं तर आम्ही सॉरी म्हणायच्या आत फडकं घेऊन हजर. आणि सासूबाई रोटीचे तुकडे बाजूला ठेवतायत हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, त्याच्या आलं. आजी, कडक लागतीय का, फुलका आणू? मेनूत फुलका नाहीच, आत स्टाफसाठी केलेल्यातले दोन घेऊन आला, तूप लावून. सासूबाईंचं जेवण झालं ते त्या दोन फुलक्यांवर.

मग बिल. जेवणाचे ३,८००, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज ३८०, आणि त्या सगळ्या ४,१८० वर पाच टक्के जीएसटी २०९. म्हणजे सर्व्हिस चार्जवर पण टॅक्स आमच्याकडूनच. मी म्हटलं हा काढा. तर कॅप्टन म्हणतो, मॅडम तो स्टाफलाच जातो. इतकं सहज तोंडावर सांगतात की आपल्यालाच मेल्याहून मेल्यासारखं व्हावं, की बाई आपण गरिबाच्या पोटावर पाय देतोय. तो दुसरं बिल काढायला गेला तेव्हा मी त्या पोराला हळूच विचारलं, तुला मिळतात का रे हे पैसे? म्हणाला, ताई मला पगार मिळतो. टिपच्या डब्यात कॅप्टनचे तीन पॉईंट, म्हणजे तीन वाटे, वेटरचे दोन, आम्हाला महिन्याच्या शेवटी देतात काय ते. आणि क्यूआरवर टाकलेली टिप? ती काउंटरला जाते.

झालं. माझं टाळकंच फिरलं.

सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय, दुसऱ्या नावाने पण घ्यायचा नाही आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटी तर अजिबातच लावायचा नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेल्या, २८ मार्च २०२५ ला कोर्टाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि दोन्ही संघटनांना एकेक लाखाचा दंड लावला. तरी माझ्या बिलावर तो छापून येतो कसा? कारण आपण मुकाट्याने भरतो. चारचौघात वाद नको, वाढदिवस आहे, जाऊ दे. ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर किती जणांच्या फोनमध्ये आहे?

आणि टिप वाटून घ्यायला माझा विरोध नाही हां. आत भांडी घासणारा, तंदूरसमोर भाजून निघणारा, त्यांनाही मिळालीच पाहिजे, ते तर आपल्याला दिसत पण नाहीत. पण वाटणी कोण ठरवतं? ज्याच्या हातात फोल्डर तोच. डब्यात आज किती जमले, कोणाला किती गेले, हे त्या पोराला कधी दाखवलंय का कोणी? एक कागद लावा ना भिंतीवर किचनच्या दाराशी, रोजचा हिशोब लिहा. एवढं पण जमत नाही? माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याच्या तिकडे २०१८ पासून कायद्यानेच मालकाला आणि मॅनेजरला वेटरची टिप स्वतःसाठी ठेवता येत नाही. आपल्याकडे मालकाचा क्यूआर टेबलावर चिकटवलेला आणि आपण त्यावरच शंभर रुपये जास्त टाकून खुश होतो की चला, पोराला दिले.

गिऱ्हाईक पण काही कमी नाहीत. आमच्या बाजूच्या टेबलवर अकरा जण, केक कापला, तो चमकीचा फुगा फोडला, खुर्च्यांखाली क्रीम, सोफ्यावर क्रीम, आणि पूर्ण वेळ ए शुक शुक, ए छोटू, चुटक्या वाजवून बोलावणं. त्याला नाव नाहीये का? दादा म्हणता येत नाही? तीन तास बसले आणि जाताना बडीशेपेच्या वाटीशेजारी तीस रुपये. हीच माणसं परदेशात फिरायला गेली की गपचूप वीस टक्के मोजतात आणि इकडे येऊन म्हणतात, पगार देतो ना मालक, आम्ही का द्यायचं. आणखी एक जमात आहे, ती सर्व्हिस चार्ज काढायला लावते आणि वाचलेले पैसे खिशात घालून निघून जाते. अहो तुम्ही भांडलात ते त्याच्या नावाने ना? मग द्या की त्याला!

माझा चार्ज काढल्यावर बिल झालं ३,९९०. वाचले ३९९. त्यात रुपया घालून मी चारशे त्या पोराच्या हातात ठेवले. त्याने आधी काउंटरकडे बघितलं. स्वतःच्या कष्टाचे पैसे घेताना त्या लेकराला चोरासारखं बघावं लागलं, हे मला अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीये. आणि मागून आलाच तो कॅप्टन, हात पुढे केला, पोराने एक शब्द न बोलता नोटा देऊन टाकल्या. मी मॅनेजरपर्यंत गेले, आवाज चढवला, नवरा चल चल करत होता तरी. उत्तर काय, तर मॅडम आमची सिस्टीम आहे. मी परत वळून बघितलं तर पोरगा आमचंच टेबल पुसत होता, पुढची फॅमिली बसली पण होती.

आता कोणी जेवायला जाणार असाल तर सुट्ट्या नोटा घेऊन जा. आणि ज्याने खरंच वाढलंय त्याला बिल मागायच्या आधी द्या, तो पाणी ओतायला वाकला की हातातच द्या. कॅप्टन फोल्डर घेऊन येईपर्यंत थांबू नका.