निम्मी भाकरी

सकाळी बेळगावच्या वॅक्सिन डेपोच्या आवारात फिरून आलो, चहा घेत ग्रुप उघडला. कुणीतरी गाझातल्या पोरांचा फोटो टाकला होता. रिकामी पातेली पुढे धरून कठड्याला चेंगरलेली. खाली आमच्यातल्याच एकाने लिहिलेलं, "त्यांचं त्यांनी बघावं. आपल्याला काय पडलंय?" त्यावर चार अंगठे. चहा तसाच राहिला.

माझ्या आजीचं माहेर कोल्हापूरजवळचं वळिवडे. १९४३ ला तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. पाचेक हजार माणसं, त्यात बायका-पोरंच जास्त. रशियाने घरातून उचलून सैबेरियात नेऊन टाकलेली, तिथून इराणमार्गे इथवर आलेली. पणजोबा छावणीत दूध घालायचे, सात-आठ वर्षांची आजी मागोमाग. तिच्याच वयाची एक पोरगी दारात उभी असायची. आजीने भाकरी दिली की निम्मी खायची आणि निम्मी झग्यात कोंबायची. "रोज मिळतंय, तरी इस्वास बसंना रं तिचा." सांगताना आजी पदराचा बोळा करून दाखवायची.

छावणीचा खर्च लंडनमधलं पोलिश सरकार करायचं, मला माहीत आहे. बरं, ठीक. पण पणजोबांनी पोरीचा धर्म विचारून दूध मापलं नव्हतं.

आणि आज आपण अंगठे देतो? पोरांपर्यंत अन्न-औषध पोचू न देणं हे संयुक्त राष्ट्रांच्या सहा गंभीर अत्याचारांच्या यादीत आहे. पोरं मारणं, पळवणं, त्यांच्या हातात बंदूक देणं यांच्याच रांगेत. गाझात २२ ऑगस्ट २०२५ ला दुष्काळ जाहीर झाला. पाऊस पडला नाही म्हणून नव्हे, माणसांनी वाट अडवली म्हणून. सुदानमध्ये झमझमच्या छावणीत त्याच्या वर्षभर आधीच झाला होता, त्याचा तर फोटोसुद्धा कुणी टाकला नाही. त्या छावण्यांतही कुणीतरी झग्यात तुकडा कोंबत असेलच की. तुकडा असला तर.

"आपल्या खानापूरकडची पोरं उपाशी नाहीत काय?" आहेत. मान्य. पण त्यांच्यासाठी तरी तू काय केलंस? (मी तरी काय केलं म्हणा.)

हे लिहिताना आठवलं, २०१९ च्या महापुरात हाच गडी शहापुरात दारोदार फिरून भाकऱ्या गोळा करत होता. टेम्पो भरून गोकाकला घेऊन गेला, दोन दिवस घरी आला नाही. तिथे कुणाला जात विचारली नाही, कन्नड की मराठी तेही नाही. म्हणून तर जास्त लागलं. परक्याने लिहिलं असतं तर ब्लॉक करून चहा प्यालो असतो.

१९४८ पर्यंत छावणी उठली. ती पोरगी कुठे गेली, आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. नावही नीट घेता यायचं नाही तिला, "माझी गोरी" म्हणायची.

हे ग्रुपवर टाकलं आणि आत्ता त्याचाच मेसेज आलाय. "तुझी आजी वळिवड्याची? कधी बोलला नाहीस." सांगतो रे. उद्या फिरायला ये.